चंदन : झिजण्याच्या आधी
(सरांच्या स्मृतिदिनी ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



बोलायला लागण्याआधी एक छोटं काम उरकून घेऊ. पहिल्या दोन रांगांमध्ये मी कागदाच्या पट्ट्या वाटल्या आहेत. निळ्या खुणेच्या पट्टीवर लिंबाच्या सालीच्या तेलाचा थेंब आहे, लाल खुणेच्या पट्टीवर चंदनाच्या तेलाचा. दोन्ही हुंगा आणि मागच्या रांगेकडे द्या. लिंबू सगळ्यांना लगेच कळलं, ते चेहऱ्यांवरून दिसतंच आहे. लाल पट्टी हुंगून मात्र दोघातिघांनी माझ्याकडे ‘तेल लावायचं राहिलं वाटतं’ अशा नजरेनं पाहिलं. राहिलेलं नाही. फिरवून झाल्या की पट्ट्या जवळ ठेवा, शेवटी लागतील.

सर गेले तेव्हा याच सभागृहात शोकसभा झाली. तीन वक्ते म्हणाले, सर विद्यार्थ्यांसाठी चंदनासारखे झिजले. चौथा वक्ता मी होतो, आणि मीही तेच म्हणालो. घरी गेल्यावर जुनी वही आठवली. कॉलेजात असताना एका शिक्षकांच्या निरोप समारंभासाठी मी भाषण लिहून सरांना दाखवायला नेलं होतं. त्यातल्या याच वाक्याखाली सरांनी लाल पेन्सिलीनं रेघ ओढली होती आणि समासात लिहिलं होतं : “चंदन स्वतः कधी झिजतं का?”

सर रसायनशास्त्र शिकवत. तेव्हा वाटलं, विज्ञानाच्या माणसाला अलंकार कुठले पचायला! आज त्या समासातल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. उशीर झाला आहे, पण सर उशिरा आलेली जर्नलंसुद्धा तपासत.

आधी झाड पाहू. आपण चंदन ओळखतो ते खोड म्हणून, सहाणेवर. उभं झाड दाखवलं तर दहातले आठ जण ओळखणार नाहीत. मध्यम उंची, समोरासमोर येणारी साधी पानं, आधी फिकट आणि मग काळपट लाल होणारी बारीक फुलं, पिकल्यावर जांभळी-काळी होणारी वाटाण्याएवढी फळं. फळं पक्षी खातात आणि बिया लांबवर टाकतात. पान चुरगाळून हुंगलं तर चंदनाचा वास येत नाही, फुलालाही तो नाही. चंदनाला साप विळखे घालून बसतात ही कवींची आवडती कल्पना, पण जिवंत झाडाचा वास बाहेर येतच नाही, तर साप कशाला येतील? सगळा वास खोडाच्या आणि मुळांच्या गाभ्यात कोंडलेला असतो. बाहेरचं पांढरं लाकूड बिनवासाचं, आतला पिवळसर-तपकिरी गाभा सुगंधी. आणि हा गाभा धरायलाच झाड दहा-पंधरा वर्षं घेतं. चांगला भरायला तीस वर्षं लागतात, त्याहून जास्तही.

इथेच एक खुलासा करतो, कारण सभेनंतर तो प्रश्न हमखास येतो. रक्तचंदन हे निराळं झाड. ते शेंगा येणाऱ्या कुळातलं आहे. सुजेवर आपण त्याचा लेप लावतो, त्याला रंग आहे पण सुवास नाही. मी बोलतोय ते पांढऱ्या चंदनाबद्दल.

आता या झाडाची जमिनीखालची बाजू. चंदनाचं रोप एकटं लावलं तर ते थोडे दिवस तग धरतं आणि मग खुरटतं. त्याची मुळं आजूबाजूच्या झाडांच्या मुळांना जाऊन चिकटतात, तिथे छोट्या गाठी तयार होतात आणि त्या गाठींतून चंदन शेजाऱ्याचं पाणी आणि क्षार ओढून घेतं. पानं हिरवी असल्यामुळे साखर ते स्वतः बनवतं, म्हणून शास्त्रज्ञ त्याला अर्धपरजीवी म्हणतात. रोपवाटिकेत पिशवीतच त्याच्या सोबतीला एखादी वनस्पती लावतात. शेतात शेजारी तूर टाकतात. पुढच्या काळासाठी सुरू, करंज, बाभूळ अशी टिकाऊ झाडं लागतात.

संतवाङ्मयात वारंवार येणारी एक कल्पना तुम्हाला ठाऊक आहे : चंदनाच्या संगतीनं शेजारची बोरीबाभळीची झाडंही चंदन होतात. सत्संगाचा महिमा सांगायला दृष्टांत सुंदर आहे. मातीत मात्र कारभार उलटा चालतो. बाभळीचं चंदन होत नाही, बाभळीमुळे चंदन होतं.

आणखी एक गंमत. आंब्यावर, लिंबावर वाढणारं बांडगूळ आपण सगळे ओळखतो. वनस्पतिशास्त्रात बांडगूळ आणि चंदन एकाच गणात बसतात, आणि त्या गणाला नावही चंदनावरूनच दिलेलं आहे. म्हणजे हे दोघे भाऊबंद. मराठीत मात्र एकाचं नाव घेऊन आपण माणसाचा सत्कार करतो आणि दुसऱ्याचं नाव घेऊन त्याला शिवी देतो. एक फांदीवर बसून उघड घेतो, दुसरा जमिनीखालून घेतो. एवढ्यावर एक मानपत्रात गेला आणि दुसरा भांडणात.

हे सांगून मी चंदनाला खाली ओढत नाही. ज्याला इतरांना काही द्यायचं आहे, त्याला आधी घ्यावं लागतं, एवढंच म्हणतो. सरांचंही तसंच होतं. प्रबंध लिहिण्याच्या चार वर्षांत घर काकूंच्या, म्हणजे सरांच्या पत्नीच्या, पगारावर चाललं. काकू इथे समोर बसल्या आहेत, त्या हसल्या, म्हणजे माझी माहिती बरोबर आहे. शेजारच्या कॉलेजातून काचेची भांडी आणायची, ग्रंथालयातून पुस्तकं आणायची आणि सहा-सहा महिने परत करायची नाहीत, हे सर बिनदिक्कत करत. ग्रंथपालांनीही आत्ता मान हलवली.

आता लाकडाचं तेल कसं होतं ते पाहू. चंदनाचं झाड तोडत नाहीत, मुळासकट उपटतात, कारण तेलाचं प्रमाण मुळांत सगळ्यांत जास्त. मग साल आणि पांढरं लाकूड तासून काढतात आणि गाभ्याची प्रतवारी करतात. म्हैसूरकडच्या वखारींतल्या जुन्या प्रतवारीत अठरा वर्ग होते. त्यांची नावं ऐका : विलायत बुध, चायना बुध, पंजाम, घोटला, जजपोकळ, ऐन चिलटा, मिलवा चिलटा, बसोला बुकणी. कानडी मुलखातली ही नावं, पण ‘पोकळ’ आणि ‘बुकणी’ समजायला आपल्याला कोश लागत नाही. विलायत आणि चायना या शब्दांवरून माल कुठे जाणार तेही कळतं. आणि शेवटचा वर्ग भुशाचा. करवतीखाली पडलेला भुसाही मोजूनमापून विकला जाई.

गाभ्याची पूड करून तिच्यातून वाफ सोडतात. चंदनातले मुख्य घटक दोन, अल्फा सँटालॉल आणि बीटा सँटालॉल. आंतरराष्ट्रीय मानकानुसार चांगल्या तेलात पहिला 41 ते 55 टक्के आणि दुसरा 16 ते 24 टक्के असावा लागतो. प्रमाणात अल्फा मोठा, पण ज्याला आपण ‘चंदनाचा वास’ म्हणतो तो मुख्यतः बीटामुळे. हे रेणू जड आहेत, पंधरा कार्बनचे. एकटे उकळायचे तर 300 अंशांच्या आसपास तापवावं लागेल आणि तोवर ते करपतील. वाफेच्या सोबतीनं मात्र ते शंभर अंशांच्या आतच निघतात, पण फार थोडे, फार सावकाश. म्हणून एक घाणी उतरायला दोन-तीन दिवस लागतात. आधी हलके घटक येतात, सँटालॉल मागून. इंधन वाचवायला घाई केली तर उत्तम भाग पुडीतच राहतो. एवढं करून शंभर किलो चांगल्या गाभ्यातून पाचेक किलो तेल मिळतं. वाढायला तीस वर्षं, निघायला तीन दिवस. या झाडाच्या बाबतीत लवकर असं काही नाहीच.

आणि याच सावकाशपणाला सुगंधाच्या धंद्यात मोल आहे. अत्तर बनवणारा माणूस वासांची तीन थरांत मांडणी करतो. वरचा थर लगेच भेटतो आणि लगेच उडतो : लिंबू, संत्रं. मधला फुलांचा : गुलाब, मोगरा. तळाचा थर उशिरा कळतो आणि शेवटपर्यंत राहतो. चंदन तळाचं. जड रेणू सावकाश उडतात, आणि त्यांच्यात मिसळलेल्या हलक्या वासांनाही ते लवकर निसटू देत नाहीत. चंदनाचा स्वतःचा वासही बोलका नाही. देवदाराच्या लाकडाचा वास कोरडा, पेन्सिलीला टोक काढल्यासारखा. चंदनाचा मऊ, दुधावरच्या सायीसारखा, किंचित गोड. तो दुसऱ्याच्या वाटेत येत नाही. म्हणूनच गुलाबाच्या, मोगऱ्याच्या, अगदी मातीच्या अत्तराचाही पाया चंदन.

उत्तर प्रदेशातल्या कन्नौजला ही पद्धत अजून पाहायला मिळते. तांब्याच्या मोठ्या देगेत फुलं आणि पाणी घालतात, झाकण चिकणमातीनं लिंपून घेतात. देगेतून बांबूची नळी निघते ती पाण्याच्या हौदात बसवलेल्या भपक्यात, म्हणजे वाफ निवते त्या भांड्यात, आणि भपक्यात आधीपासून चंदनाचं तेल ठेवलेलं असतं. फुलांचा वास वाफेबरोबर येतो आणि त्या तेलात मुरतो. दुसऱ्या दिवशी फुलं नवी, तेल तेच. असे दिवसामागून दिवस तेच तेल गुलाब पीत राहतं. पावसाच्या पहिल्या सरीचं अत्तरही असंच होतं : भाजलेल्या मातीचे तुकडे देगेत आणि चंदन भपक्यात. आज चंदनतेल इतकं महागलं आहे की पुष्कळ भपक्यांमध्ये त्याच्या जागी पॅराफिन किंवा प्लास्टिक मऊ करायला वापरतात तो द्रव असतो. बाटलीवर नाव गुलाबाचंच. पायाचं नाव लेबलावर कोणी लिहीत नाही, त्यामुळे पाया बदलला तरी कोणाला पत्ता लागत नाही.

ही महागाई कुठून आली? थोडा इतिहास सांगतो. 1792मध्ये टिपू सुलतानानं चंदन हे राजवृक्ष म्हणून जाहीर केलं. पुढे म्हैसूरच्या राजवटीनं आणि स्वातंत्र्यानंतर सरकारनंही तोच हक्क चालू ठेवला. झाड तुमच्या बांधावर उगवलं तरी मालकी सरकारची. राखणीची जबाबदारी शेतकऱ्याची, चोरी झाली तर चौकशीही त्याचीच. मग रोप दिसलं की शेतकऱ्यानं काय करावं? गुपचूप उपटून टाकावं. झाडाला दिलेला राजमान त्याच्या मुळावर आला तो असा. कर्नाटकानं 2001मध्ये आणि तमिळनाडूनं 2002मध्ये कायदा बदलून मालकी लावणाऱ्याला दिली. मधली दोनशे वर्षं परत येत नाहीत.

म्हैसूरचं चंदन लाकूड म्हणूनच परदेशी जाई. त्याचा मोठा भाग जर्मनीत जाऊन तिथे तेल निघे. हे तेल फक्त अत्तरात जात नव्हतं. प्रतिजैविकं येण्याआधी युरोपातले डॉक्टर परम्यावर चंदनतेलाच्या कुप्या देत. आपण जे कपाळी लावत होतो, ते युरोप कशासाठी गिळत होता, यावर अधिक बोलत नाही, सभेत मुलं आहेत. 1914 साली महायुद्ध पेटलं, गिऱ्हाईक तुटलं आणि लाकूड वखारीत पडून राहिलं. तेव्हा म्हैसूरचे दिवाण होते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. त्यांचं शिक्षण पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये झालेलं, नोकरी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात, आणि खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी बसवलेले स्वयंचलित दरवाजे पुणेकरांना आजही अभिमानानं आठवतात. त्यांच्याच काळात म्हैसूरच्या उद्योग खात्याचे संचालक आल्फ्रेड चॅटर्टन आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले सडबरो आणि वॉटसन हे रसायनशास्त्रज्ञ कामाला लागले. 1916 साली बंगळूरला तेलाचा कारखाना निघाला, पुढच्या वर्षी म्हैसूरला. त्या तेलातूनच म्हैसूर सँडल साबण आला. अडलेल्या मालातून उद्योग उभा करायचा तर प्रयोगशाळा जवळ असावी लागते, हे सर वर्गात दरवर्षी सांगत, ते या उदाहरणावरूनच.

पण जंगल आटत होतं. 1899 साली कोडगूत एक रोग दिसला. पानं बारीक आणि ताठ होत जातात, फांदी काटेरी ब्रशासारखी दिसते, फळ धरत नाही आणि दोन-तीन वर्षांत झाड मरतं. त्याचं कारण एक सूक्ष्मजीव, आणि तुडतुड्यासारखे रस शोषणारे किडे तो पसरवतात. रोगी झाडाला बरं करणारा इलाज अजून हाती नाही. वर तस्करी. वीरप्पनचं नाव सगळ्यांना माहीत आहे. तो 2004मध्ये मारला गेला, पण चोरी काही त्याच्याबरोबर गेली नाही. 1998मध्ये निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं चंदनाला धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत घातलं.

ही चोरी लांबच्या जंगलातली गोष्ट नाही. पुण्यात बंगल्यांच्या आवारातून आणि पहारा असलेल्या संस्थांमधूनही चंदनाची झाडं रात्रीत जातात, वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी येतात. आमच्या सोसायटीच्या कोपऱ्यातही एक होतं, पक्ष्यानंच पेरलेलं असणार. एके दिवशी खोडाला गिरमिटानं पाडलेलं बोटभर खोल भोक दिसलं. गाभा धरला आहे का ते पाहायला चोर असं भोक पाडतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी त्यात माती भरली आणि विसरलो. आठवडाभरानं सकाळी फिरायला निघालो तर फाटकापाशीच वास आला. तेवढा वास त्या झाडाला बारा-तेरा वर्षांत कधी आला नव्हता. फांद्या कुंपणाशी टाकलेल्या होत्या, खोड गेलं होतं. बुंधा निरखून पाहिला. कापाचा जवळजवळ सगळा भाग पांढरा आणि मध्ये तपकिरी ठिपका, सुपारीएवढा. तेवढ्या सुपारीसाठी झाड गेलं. आणखी वीस वर्षं ते उभं राहतं तर तो गाभा नारळाएवढा झाला असता. भुसा चिमटीत धरून मी किती तरी वेळ तिथे उभा होतो. सरांचा प्रश्न मला खरा कळला तो त्या सकाळी.

चंदन झिजत नाही. त्याला झिजवतात. सहाणेवर झिजवणारा हात आपला, कापणारी करवत आपली, आणि त्याग मात्र झाडाच्या नावावर. झिजण्याचं कौतुक आपण इतकं केलं की वाढण्याकडे बघायचं राहून गेलं. पंढरपुरात गुढीपाडव्यापासून मृग नक्षत्रापर्यंत विठ्ठलाला चंदनउटी लावतात. उन्हाळ्यात देवालाही गारवा हवा, या प्रेमाबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण जे खोड आपण उगाळतो ते लावलं कोणी, किती वर्षांपूर्वी आणि कशाच्या शेजारी, हा प्रश्न पूजेच्या ताटाभोवती कधी निघत नाही. संस्कृतात चंदनाचं एक नाव श्रीखंड आहे. आपल्याकडे तो शब्द वाटीत उरला, झाडावरून पुसला गेला.

जगानं दरम्यान पर्याय शोधले. पाइनच्या टर्पेंटाइनपासून रसायनशास्त्रज्ञांनी चंदनाच्या वासाचे रेणू बनवले. पॉलिसँटॉल, एबनॉल, जॅव्हानॉल अशी त्यांची नावं. 1989मध्ये गेर्लँ या फ्रेंच घराण्यानं काढलेल्या ‘समसारा’त खऱ्या चंदनाबरोबर असा रेणू होता. आता साखरेवर वाढवलेल्या सूक्ष्मजीवांकडून सँटालॉल करून घेण्यापर्यंत मजल गेली आहे. मी रसायनशास्त्राचा विद्यार्थी आहे, त्यामुळे ‘कृत्रिम’ म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांतला मी नाही. त्या प्रत्येक रेणूनं कुठेतरी एखादं झाड वाचवलं असेल. आणि अस्सल भारतीय चंदनाच्या मोठ्या लागवडी कुठे झाल्या? ऑस्ट्रेलियाच्या वायव्य कोपऱ्यात, कुनुनुराला, ऑर्ड नदीच्या पाण्यावर. तिथे रोपांबरोबर सोबतीची झाडं ओळीनं मोजून लावली. आपण दृष्टांत सांगत बसलो, त्यांनी मुळं पाहिली.

आपल्याकडेही आता शेतकरी चंदन लावू लागले आहेत, मराठवाड्यात आणि नगर-सोलापूरकडे विशेष. त्यांना दहा-बारा वर्षांत कोट्यधीश करणारे हिशेब दाखवले जातात. बाराव्या वर्षी आत काय असतं ते मी बुंध्यावर पाहिलं आहे. सुपारी.

आता त्या पट्ट्या घ्या. निळी हुंगा. कागदाचा वास येतोय ना? आता लाल. आल्या आल्या ज्यांना काही कळलं नव्हतं, त्यांनी पुन्हा हुंगा. ती पट्टी घरी न्या, पुस्तकात घाला, आठवड्यानं पुस्तक उघडा.

जाता जाता दोन विनंत्या. माझ्या शोकसभेत, ती होईल तेव्हा, मी चंदनासारखा झिजलो असं कोणी म्हणू नये. मी कोणाच्या शेजारी वाढलो ते सांगावं. आणि ज्यांच्याकडे रान आहे त्यांनी चंदन जरूर लावावं. सातबाऱ्यावर झाडांची नोंद करून घ्यावी, तोडीचे आणि वाहतुकीचे नियम आधी वन खात्यात विचारावेत, आणि पंधराव्या वर्षी कोणी कितीही भाव दिला तरी हात आवरावा. मुख्य म्हणजे रोप लावाल त्याच खड्ड्याच्या कडेला चार दाणे तुरीचे टाका. एकटं चंदन जगत नाही.